दुभत्या जनावरांचा गोठा : बांधण्यापूर्वी करावयाचा हिशेब

मोर्शी तालुका संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. बागेचा पैसा बहारास येतो. दुधाचा पैसा मात्र वर्षभर थोडा थोडा हाती पडतो व बागेस शेणखतही मिळते. म्हणून दोन-चार म्हशी पाळण्याकडे अनेक बागायतदारांचा कल असतो. अशा वेळी पुष्कळदा पहिला खर्च होतो तो पक्क्या गोठ्यावर. हा क्रम योग्य आहे काय, याचा शेतकरी बंधूंनी शांतपणे विचार करावा.

गोठ्याची गरज कशासाठी?

वऱ्हाडात थंडीपेक्षा उन्हाचा त्रास अधिक. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हशीची कातडी काळी व घर्मग्रंथी थोड्या. त्यामुळे तिला उष्णता सोसवत नाही. ती चारा कमी खाते, दूध आटते आणि माज मुका राहतो. एक माज हुकला की सुमारे २१ दिवस वाया जातात व तेवढे दिवस पुढचे वेत लांबते. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल होतो. अशा चिखलात बसणाऱ्या जनावरास काससुजी व खुरांचे रोग लवकर जडतात. सारांश, येथे जनावरास हवी ती सावली आणि कोरडी जागा. चारी बाजूंच्या भिंती वारा अडवितात व उन्हाळ्यात अपायच करितात.

आधी चारा व पाणी

चार म्हशींचे उदाहरण घेऊ. प्रत्येकीस दररोज सुमारे २० किलो हिरवा व ६ किलो वाळला चारा धरला, तर वर्षास सुमारे २९ टन हिरवा व पावणेनऊ टन वाळला चारा लागेल. उन्हाळ्यात प्रत्येकीस ७० लिटर पाणी धरले, तर केवळ पिण्यासाठी दररोज २८० लिटर पाणी हवे. धुण्याचे पाणी वेगळे. सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे. परंतु तालुक्यातील प्रत्येक विहिरीस त्याचा लाभ होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ज्या विहिरीचे पाणी बागेसच अपुरे पडते, तेथे हिरव्या चाऱ्याचे काय, याचे उत्तर गोठ्याचा पाया खणण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

खर्चाचा बोजा दुधावर

समजा, गोठ्यास १,२०,००० रुपये लागले व तो १५ वर्षे टिकला. घसारा वर्षास ८,००० रुपये, व्याज सरासरी ६,००० रुपये व दुरुस्ती २,००० रुपये, असे एकूण १६,००० रुपये होतात. चार म्हशींनी वर्षास ४,००० लिटर दूध दिले, तर प्रत्येक लिटरवर ४ रुपये बोजा पडतो. चाऱ्याअभावी दोन म्हशी विकाव्या लागल्या, तर तोच बोजा ८ रुपये होतो. म्हशी विकता येतात. गोठा विकता येत नाही व त्याचे कर्ज फेडावेच लागते.

मग काय करावे?

एक-दोन जनावरे असल्यास मुरूम टाकून उंच केलेला ओटा, तुराट्यांचे छप्पर व कडुनिंबाची सावली पुरेशी आहे. चार ते दहा जनावरांसाठी छताखालील जागा व त्यास लागून मोकळे आवार, अशी मुक्त गोठ्याची पद्धत स्वस्त व सोयीची पडते. प्रत्येक म्हशीस छताखाली ४ चौरस मीटर व मोकळ्या आवारात ८ चौरस मीटर जागा द्यावी. गाईस अनुक्रमे साडेतीन व ७ चौरस मीटर पुरे. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. छत कडेस निदान ७ फूट उंच असावे. पत्र्यास वरून पांढरा रंग द्यावा. जमिनीस ४० फुटांस १ फूट उतार ठेवून मूत्र नालीवाटे खड्ड्यात न्यावे. फरशी गुळगुळीत करू नये, जनावर घसरते. काळी माती ओलाव्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम धुमसून भरल्याशिवाय पक्के काम करू नये. कडब्याची गंजी गोठ्यापासून दूर रचावी.

जनावरे निवडतानाही हाच विवेक ठेवावा. नागपुरी म्हशीस एलिचपुरी असेही म्हणतात. एलिचपूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील अचलपूर. ही जात व पूर्णाथडी म्हैस येथील हवेस सरावलेल्या आहेत. दूरच्या भारी जनावरास अधिक चारा व अधिक सोयी लागतात.

कार्यकर्त्यांचे काम

२०२१ साली राज्य शासनाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गाई-म्हशींच्या पक्क्या गोठ्याचा समावेश केला होता. आज कोणते साहाय्य व कोणत्या अटी लागू आहेत, हे पंचायत समितीत विचारून घ्यावे. मात्र अनुदान मिळते एवढ्यावरूनच गोठा बांधू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी शेतकऱ्यासमवेत बसून चारा, मे महिन्यातील पाणी, दूध घेणारे ठिकाण व राबणारी माणसे यांची नोंद करावी. घरच्या स्त्रियांनाही अवश्य विचारावे. शेण काढणे व धार काढणे ही कामे बहुधा त्यांच्याच वाट्यास येतात. चारही बाबी जुळल्या, तर प्रथम छत व ओटा करावा, एक उन्हाळा व एक पावसाळा पाहावा, आणि धंदा टिकतो असे दिसल्यावरच पुढील बांधकाम हाती घ्यावे.