मुंगी घाट : पावलांनी राखलेली वाट

सोलापूर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे येतं ते ज्वारीचं सपाट रान, भीमेचा काठ आणि यंत्रमागांची खडखड. कडे आणि दऱ्या या मुलखात असतील असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण माळशिरस तालुक्यात नातेपुत्याजवळ उभं राहून नैर्ऋत्येकडे पाहिलं, तर महादेवाची डोंगररांग भिंतीसारखी आडवी येते. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून फुटून आग्नेयेकडे गेलेली ही रांग. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव आहे. देऊळ सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात येतं, पण त्याच्याकडे जाणारी सगळ्यात अवघड पायवाट सोलापूर जिल्ह्यातल्या कोथळे गावाच्या बाजूनं चढते. तिलाच मुंगी घाट म्हणतात.

दख्खनच्या या डोंगरांची घडण थरांची आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक पसरले आणि थिजले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून उतार झाला. म्हणून इथली चढण एकसारखी नाही. थोडा उतार, मग एकदम उभा कातळ, पुन्हा घसाऱ्याची माती, पुन्हा कातळ. सह्याद्रीनं बहुतेक पाऊस पश्चिमेलाच अडवल्यामुळे हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. चैत्रात इथल्या दगडावर हात ठेववत नाही.

चैत्रातली चढाई

नेमक्या त्याच चैत्रात या घाटाला माणसांचा पूर येतो. गुढीपाडव्यापासून यात्रेला सुरुवात होते. शुद्ध अष्टमीच्या रात्री शिव-पार्वतीचं लग्न लागतं. त्यासाठी शंभुमहादेवाच्या शिखरापासून बळीच्या, म्हणजे अमृतेश्वराच्या, शिखरापर्यंत पागोट्याचा लांबच लांब ध्वज बांधतात. गाभाऱ्यात शिव आणि शक्ती अशी दोन लिंगं आहेत, त्यामुळे या लग्नाला इथं वेगळीच जवळीक आहे. आणि द्वादशीला कावडी मुंगी घाटानं वर चढतात.

कावड म्हणजे जाड बांबूवर तोललेले तांब्याचे दोन मोठे हंडे, वर पताका आणि रंगीत कापडाचा साज. सगळ्यात मोठा मान तेल्या भुतोजीच्या कावडीचा. ती सासवडच्या परिसरातून कऱ्हेचं पाणी घेऊन येते. एरवी दोन खांदे कावडीला पुरतात. घाटात मात्र ती एकट्यादुकट्याची राहत नाही. वरची माणसं कातळाला पाठ टेकून बसतात, खालची पाय रोवून उभी राहतात आणि माणसांची साखळी तयार होते. कावड या हातांतून त्या हातांत, या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकते. हंडा कलंडू लागला की पाच-सात तळवे एकदम त्याच्या बुडाला लागतात. पायाखालचा दगड निसटला तर वरचा माणूस ओरडतो आणि खालची रांग अंग चोरते. ढोल आणि हलगी थांबत नाही. आणि अगदी उभ्या टप्प्यावर सगळ्या घाटातून एकच हाक उठते, ‘धाव म्हाद्या!’ देवाला असं घरच्या पोरासारखं एकेरी बोलावणारी ही भक्ती माणदेशाच्या मातीतली आहे.

वर पोचल्यावर कऱ्हेच्या पाण्यानं अभिषेक होतो. जिथं पाणी नाही तिथं दूरच्या नदीचं पाणी माणसांच्या खांद्यावरून नेऊन घालायचं, हा या यात्रेचा गाभा आहे. अॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ या 2003 सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या यात्रांचा अभ्यास केला, त्याची सुरुवातच नदी, डोंगर आणि कावड यांपासून होते. यात्रेकरू ज्या वाटेनं चालतात त्या वाटेवरचा मुलूख त्यांच्या मनात एक होतो, असा त्यांचा विचार आहे. नीरा ओलांडून डोंगराखाली आलेल्या माणसाला पुणे, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांच्या हद्दी सांगाव्या लागत नाहीत आणि त्या त्याला अडवतही नाहीत.

श्रीशैलापासून शिंगणापूरपर्यंत

या वाटेची मुळं आणखी दूर जातात. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात या देवाचं नातं आंध्रातल्या श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाशी जोडलं. दक्षिणेतून आलेल्या बळीप नावाच्या गवळी राजानं हे दैवत इथं आणलं आणि भोसले घराण्याची मुळंही याच बळीपापर्यंत पोचतात, असं त्यांनी मांडलं. शिंगणापूर भोसल्यांचं कुलदैवत. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून मालोजीराजांनी इथं मोठा तलाव बांधला.

सोलापूरकराला श्रीशैलाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर मल्लय्याच्या, म्हणजे याच मल्लिकार्जुनाच्या, ओढीनं श्रीशैलाला गेले, परत येऊन त्यांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती 68 लिंगं स्थापली, ही कथा इथं घरोघर ठाऊक आहे. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेऊन याच 68 लिंगांची प्रदक्षिणा होते. सिद्धेश्वराचा तलाव आणि मालोजीराजांचा तलाव, नंदीध्वज आणि कावड: पाणी साठवायचं, भार खांद्यावर घ्यायचा आणि पायी चालायचं, ही एकच रीत कोरड्या मुलखात दोन ठिकाणी रुजलेली दिसते.

ग्रीसमधल्या दोन घळी

दक्षिण युरोपातल्या डोंगरवाटांची कहाणी मुंगी घाटाच्या शेजारी ठेवून पाहावी. वायव्य ग्रीसमध्ये झागोरी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. 46 दगडी गावं, त्यांना जोडणाऱ्या फरसबंद खेचरवाटा, ओढ्यांवरचे कमानीचे पूल आणि मध्ये काही ठिकाणी 900 मीटरहून खोल गेलेली विकोसची चुनखडीची घळ. परमुलखात व्यापार करणाऱ्या गावकऱ्यांनी पैसा घरी पाठवला, त्यातून हे पूल उभे राहिले. 1750 सालचा कोक्कोरी पूल आजही वापरात आहे. गावाच्या डोक्यावरचं रान कुणी तोडू नये म्हणून तिथं धर्माचा धाक घातलेला असे, आपल्या देवराईसारखाच. विसाव्या शतकात युद्धं आणि स्थलांतर यांनी ही गावं ओस पडत गेली. आता चालायला येणारे परदेशी प्रवासी त्या वाटांना जाग देतात. 2023 साली झागोरीला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

क्रीट बेटावरच्या सामारिया घळीचं उदाहरण मात्र मनाला लागतं. 16 किलोमीटरची ही पायवाट जगभर प्रसिद्ध आहे. 1962 साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा घळीतल्या सामारिया गावाच्या रहिवाशांना बाहेर हलवण्यात आलं. निसर्ग राखला गेला, वाट चांगली झाली, दरवर्षी लाखो पावलं तिथून जातात. पण ज्यांनी ती वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवली त्यांची घरं रिकामी आहेत.

मुंगी घाटाला फरसबंदी नाही, दिशादर्शक पाट्यांची साखळी नाही, नकाशा नाही. तरी तो जिवंत आहे, कारण वाटेवरच्या माणसांनी त्याला सोडलेलं नाही. कावडीचा मुक्काम, अमुक घराण्याचा मान, तमुक गावाचा खांदा, वाटेत पंगत कुणी घालायची, पाण्याची सोय कुणी करायची, हे सगळं ठरलेलं असतं आणि बापाकडून लेकाकडे जातं. वाट दगडामातीची असली तरी ती टिकते या शब्दावर. झागोरीत पूल टिकले आणि माणसं गेली. इथं बांधीव असं फार काही नाही, पण माणसं आहेत. माझ्या मते ही आपली बाजू अधिक भक्कम आहे, आणि तीच आधी जपली पाहिजे.

आता काय करायला हवं

डोंगराच्या पायथ्याचं चित्र झपाट्यानं बदलतं आहे. नातेपुते आणि माळशिरसवरून जाणाऱ्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. त्यात वारकऱ्यांसाठी कडेनं चालण्याची वेगळी पट्टी धरली, ही चांगली गोष्ट झाली. शिंगणापूरलाही नातेपुत्याहून गाडीरस्ता जातो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. पण म्हणून मुंगी घाटात सिमेंटच्या पायऱ्या ओतून मोकळं होऊ नये. कातळात पाय कुठं ठेवायचा हे शिकवणारी चढणच तिथली खरी शाळा आहे.

सुरक्षिततेसाठी घसाऱ्याचे टप्पे दगडी पौळ घालून बांधता येतील. पायथ्याला आणि मध्यावर सावली देणारी झाडं लावून ती पाच वर्षं जगवता येतील. यात्रेनंतर प्लास्टिक खाली आणण्याची जबाबदारी कावडींबरोबरच्या तरुण मंडळांना मानानं देता येईल. आणि सगळ्यात आधी, कोथळ्यापासून सासवडपर्यंत प्रत्येक मुक्कामाची, प्रत्येक मानाची, घाटातल्या प्रत्येक टप्प्याच्या नावाची नोंद तिथल्याच जाणत्या माणसांकडून करून घेतली पाहिजे. सोलापूरच्या विद्यापीठातल्या मुलांनी एका चैत्रात वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन कावडीबरोबर चालावं. ते काम फार खर्चाचं नाही, मात्र जाणती माणसं आहेत तोवरच ते होण्यासारखं आहे.