लाकडावरची वीज आणि विस्मृतीतला लिख्टेनबर्ग

ओल्या फळीच्या दोन टोकांना दोन तारा लावलेल्या असतात. आधी वाफ निघते, मग तारेपाशी ठिणगी चमकते आणि तिथून एक काळी रेघ सरकू लागते. रेघेला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात आणि दोन्हीकडची जाळी मध्यावर एकमेकींना भिडतात. लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओंतलं हे जळकं नक्षीकाम दिसायला खरोखर सुंदर आहे. त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू भंगारवाल्याकडे मिळते: बंद पडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. हौशी कारागिरांना भुरळ घालणाऱ्या जुगाडांपैकी इतका जीवघेणा जुगाड क्वचितच असेल.

एकट्या अमेरिकेत त्याचे तीसहून अधिक बळी नोंदले गेले आहेत. त्यांत लाकूडकामात मुरलेले लोकही होते. लेथवर लाकूडकाम करणाऱ्यांच्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घातली. संघटनेच्या प्रकाशनांतही त्याची कृती छापली जात नाही.

या आकृत्यांना नाव आहे ते गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग यांचं. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवत. स्थितिक वीज निर्माण करण्यासाठी त्यांनी राळेची मोठी तबकडी बनवली होती. १७७७ मध्ये ती घासून गुळगुळीत करताना उडालेली बारीक भुकटी पुन्हा तिच्यावरच बसली, पण सगळीकडे सारखी नाही. जागोजाग तारे उमटले होते. दुसऱ्या कुणी फडक्याने धूळ पुसून काम पुढे नेलं असतं. लिख्टेनबर्ग थांबले आणि मुद्दाम भुकटी भुरभुरून प्रयोग करू लागले. धन प्रभाराच्या जागी किरणांसारखे फाटे फुटतात आणि ऋण प्रभाराच्या जागी गोलसर ठिपके येतात, हे त्यांनी टिपलं. प्रभारांसाठी अधिक-उणेची चिन्हं वापरण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली. शाळेत ती चिन्हं गिरवणाऱ्या किती मुलांना हे नाव सांगितलं जातं?

त्यांनी या आकृत्या कागदावरही उतरवून घेतल्या होत्या. प्रभारित पृष्ठभागाला भुकटी चिकटते आणि तिथून ती कागदावर घेता येते. याच तत्त्वावर चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली झेरॉक्स प्रत काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी आणि लायकोपोडियमची भुकटी, एवढ्यावर काम झालं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाचं मूळ असं गॉटिंगेनच्या धुळीत सापडतं.

राळेच्या तबकडीवरचा प्रभार मात्र अगदी थोडा होता. ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे सुमारे दोन हजार व्होल्ट करतो आणि त्या दाबाला शेकडो मिलिअँपिअर प्रवाह सहज पुरवतो. हृदयाची लय बिघडायला शंभर मिलिअँपिअरच्या आतला प्रवाहही पुरतो. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे या दाबासाठी बनवलेले नसतात, आणि फळी ओली करायला लावलेलं खारं पाणी टेबलावर ओघळलं की धोका कुठवर पोचला ते डोळ्यांना दिसत नाही.

‘घरात ईएलसीबी आहे, तो पडेल की!’ असं अनेकांना वाटतं. इथेच घात होतो. ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, गल्ल्यावरच्या हिशेबनिसासारखा असतो: जितका प्रवाह गेला तितकाच परत आला ना, एवढंच तो पाहतो. दोन तारांच्या मधे फळीऐवजी माणूस आला, तरी ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या वेटोळ्यात गेलेला आणि आलेला प्रवाह सारखाच राहतो. हिशेब जुळतो, स्विच पडत नाही. जादा प्रवाह गेला की पडणाऱ्या एमसीबीचंही तेच, त्याच्या दृष्टीने हा साधा भार असतो.

ओव्हन उघडणंही धोक्याचं आहे. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा प्रभार राहू शकतो.

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲन रिअर्डन या अन्नशास्त्रज्ञ यूट्यूबरने या धोक्याचा इशारा देणारा व्हिडिओ केला. यूट्यूबने तो ‘घातक कृती’ म्हणून काढून टाकला, तर कृती शिकवणारे कितीतरी व्हिडिओ तसेच राहिले. ओरड झाल्यावर तो परत आला. एखाद्या व्हिडिओला लाखो लोकांनी पसंती दिली म्हणून त्यातली कृती सुरक्षित ठरत नाही, आणि व्यासपीठाची चाळणी आपल्याला वाचवेल या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही.

लाकडावर जळकी नक्षी हवी असेल तर पायरोग्राफीची तापणारी लेखणी किंवा लेझर यंत्र वापरावं. असा अपघात समोर घडलाच, तर माणसाला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, १०८ ला फोन लावावा आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करावं. आयटीआय आणि शाळांच्या कार्यशाळांतल्या शिक्षकांनी या जुगाडाचं नाव घेऊन विद्यार्थ्यांना बजावावं. ते व्हिडिओ मुलांनी आधीच पाहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे.