घासायची घाई नको!

घरात कुठे काही अनोळखी उगवलेलं दिसलं, की आपला हात आधी घासणीकडे जातो. मोरीतलं शेवाळ असो की कुंडीतली अळंबी, आधी साफसफाई. ‘हे आहे तरी काय?’ हा प्रश्न नंतर! आमच्या न्यू जर्सीच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र ही सवय उपयोगाची नाही.

टाकी लेकाची, निगराणी अर्थातच माझी. (हे काही तुम्हाला नवीन नसेल!) तिच्यात मासे दोनच. बाकी पसारा ‘लाइव्ह रॉक’चा. म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सच्छिद्र सांगाडे. त्यांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून टाकी टिकते. पण या दगडांबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही येतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी डोकं वर काढतात.

रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, बुरशी धरलीय. उकळतं पाणी ओत नि ब्रशने खरवडून काढ!”

“आई, आधी ओळख तर पटू दे,” मी म्हटलं.

ओळख पटवायची रीत सोपी आहे. लांब काडीने हळूच स्पर्श करायचा. झटकन आत गेलं तर प्राणी. ढिम्म राहिलं तर बहुधा शेवाळ किंवा स्पंज. रात्री दिवे घालवून लाल उजेडात बघायचं आणि आठवड्याला एकाच जागेवरून फोटो काढायचा, म्हणजे वाढ कळते.

गुलाबी-जांभळा थर हे कोरलाइन शेवाळ, टाकी निरोगी असल्याची खूण. जिलबीसारखी पांढरी बारीक वेटोळी ही निरुपद्रवी किड्यांची घरं. तपकिरी, पारदर्शक, हात लावताच आक्रसणारं फूल म्हणजे एप्टेशिया. ते शेजारच्या प्रवाळांना डंख करतं आणि उपटायला जावं तर उरलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतं! पेपरमिंट कोळंबी मात्र त्याला आवडीने खाते.

खरी सावधगिरी हवी ती बटणांच्या झुबक्यासारख्या दिसणाऱ्या, काठाला बारीक झालर असलेल्या जिवांपासून. हे झोअँथिड. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. नुसतं बघून विषारी कोणता हे सांगता येत नाही. असा दगड उकळला किंवा कोरडा खरवडला तर विष हवेत उडून श्वासावाटे शरीरात जातं. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीची साफसफाई करताना अख्खं कुटुंब रुग्णालयात पोहोचलं होतं. या विषावर उतारा नाही.

म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय दगडाला हात लावू नका. तो उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. काम झाल्यावर तोंडाला धातूसारखी चव, ताप, खोकला किंवा धाप जाणवली, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि टाकीचा उल्लेख आवर्जून करा. त्याशिवाय त्यांना सुचणार कसं?

आणि हो, मालवणला गेलात तर मुलांच्या हौसेखातर असला दगड घरी आणू नका. २००१ पासून भारतात प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते समुद्रातच शोभतात.