शिधा आपला, पाणी डोंगराचे

सुगी संपली, दाणे घरात आले, की शेतकऱ्याचे अंग बोलू लागते. कंबर धरते, गुडघे कुरकुरतात, हाताच्या भेगांत माती बसलेली असते. आपल्याकडे अशा वेळी माणूस दोन दिवस ओसरीवर पडतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर जातो. जपानमधल्या भातशेती करणाऱ्यांनी मात्र या दुखण्यावर एक रीत बसवली. तांदळाचे गाठोडे बांधायचे, डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचे आणि आठवडाभर राहायचे. जेवण आपले आपण रांधायचे. खर्च काय तो खोलीचा आणि सरपणाचा.

या रीतीला तिकडे ‘तोजी’ म्हणतात, म्हणजे गरम पाण्याचा उपचार. जपानच्या उत्तरेकडील तोहोकु हा भाताचा मुलूख. तिथली कुटुंबे लावणी उरकल्यावर, कापणीनंतर किंवा ऐन थंडीत तोजीला निघत. तांदूळ, मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले खारे वाटण, आणि घरची लोणची सोबत असत. सात दिवसांची एक फेरी मानीत. ज्याचे दुखणे जुने, त्याने अशा तीन फेऱ्या कराव्यात असा प्रघात होता. मोठ्या स्वयंपाकघरात पाच-सहा गावांच्या बाया एकत्र येत. लोणच्याच्या वाट्या इकडून तिकडे फिरत आणि पिकापाण्याच्या गोष्टी होत.

दोन शब्दांतला फरक

आज जपानमध्ये अशा मुक्कामाच्या घरांना ‘र्‍योकान’ म्हणतात. त्यांचा नेहमीचा दर एक रात्र आणि दोन जेवणे असा असतो. रात्रीचे जेवण पुष्कळ पदार्थांचे, म्हणून महाग. पण दोन स्वस्त वाटा अजून आहेत.

पहिली ‘सुदोमारी’, म्हणजे नुसता मुक्काम. खोली मिळेल, कुंडात हवे तेवढे बसता येईल, पण जेवण नाही. दुसरी ‘जिसुई’, म्हणजे आपण रांधून खाणे. इथे चूल, भांडी आणि स्वयंपाकघर असते. नवखा माणूस इथेच फसतो. सुदोमारीला स्वयंपाकघर असेलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी खोलीत चहाच्या पाण्यापलीकडे काही नसते आणि खोलीत शेगडी पेटवायला बंदी असते. तेव्हा खोली ठरवतानाच विचारावे: स्वयंपाकघर आहे का? शीतकपाट आहे का? भांडी मिळतात की आणायची? गॅसचे वेगळे पैसे पडतात का? काही जुन्या घरांत 10 येनचे नाणे टाकले की ठरावीक वेळ शेगडी चालते, अशीही सोय असे.

जागा कोणत्या?

इवाते प्रांतात हानामाकी गावाजवळ ओसावा ओन्सेन आहे. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे ठिकाण. तिथे नदीकाठच्या जुन्या लाकडी इमारतीत आपण रांधून राहण्याची परंपरा आहे. आओमोरी प्रांतात हाक्कोदा डोंगरावर सुकायू आहे. सरकारने 1954 साली राष्ट्रीय आरोग्यस्थान म्हणून निवडलेल्या पहिल्या ठिकाणांपैकी ते एक. यामागाता प्रांतातल्या हिजिओरीला, बर्फाचे महिने सोडले तर, पहाटे बाजार भरतो. आसपासच्या शेतकरणी भाज्या, रानभाज्या आणि अळंबी घेऊन बसतात. पाहुण्यांनी कुंडातून निघावे, टोपली भरावी आणि स्वयंपाकाला लागावे.

दक्षिणेला बेप्पू शहरात कान्नावा नावाचा भाग आहे. तिथे जमिनीतून वाफेचे लोट निघतात. ती वाफ दगडी भट्टीत आणून तिच्यावर टोपलीत अन्न शिजवतात. रताळी, कोबी, मक्याची कणसे, अंडी, भात, सारे त्या वाफेवर होते. सरपण नको, गॅस नको. आपण रांधणाऱ्यांना खोल्या भाड्याने देणारी घरे तिथे पूर्वापार आहेत.

आपल्या माणसांना ही वाट का बरी

आपल्याकडची मुले-मुली नोकरीनिमित्त जपानात असतात आणि आई-वडिलांना बोलावतात. माळकरी माणसाची तिकडे पंचाईत होते. तिकडच्या साध्या भाजीला आणि मिसोच्या सारालाही बहुधा सुकवलेल्या मासळीचा रस्सा घातलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. अशा वेळी दोन जेवणांचे पैसे भरून ताट परत करण्यापेक्षा जिसुई बरी. तांदूळ, बटाटे, कोबी, गाजर, वांगी, सोयाबीनचे पनीर म्हणजे तोफू, हे तिकडे मिळते. तांदूळ आखूड आणि चिकट असतो, पोहे-फोडणीच्या भातापेक्षा वरण-भाताला चालतो. इथून हळद, तिखट, मसाला घ्यावा. धान्य, बियाणे, ताजी फळे-भाज्या मात्र पिशवीत भरू नयेत. विमानतळावर त्यांची तपासणी होते आणि दाखला नसेल तर जप्त होतात.

आखणी अशी करावी

1. आधी जेवणाचा हिशेब मांडावा, मग खोली ठरवावी. डोंगरातल्या गावात खाणावळी मोजक्या असतात आणि संध्याकाळी लवकर बंद होतात. शेवटचे दुकान कुठे आहे आणि बस किती वाजता आहे, हे विचारून ठेवावे. सामान मोठ्या गावातच घ्यावे.

2. पहिल्या रात्रीचे जेवण सोबत न्यावे. प्रवासाने दमून पोचल्यावर दुकान शोधणे सोसत नाही.

3. जेवणाचे दर नीट पाहावेत. काही घरे फक्त न्याहारी देतात. सकाळी त्यांची न्याहारी आणि रात्री आपला भात, असा मध्यम मार्ग पुष्कळांना परवडतो.

4. खोलीच्या दराखेरीज माणशी स्नानकर असतो, बहुतेक ठिकाणी दिवसाला 150 येन. तो धरून चालावा.

5. स्वयंपाक कोण करणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे. हा मुद्दा सर्वांत मोठा आहे. घरची बाई वर्षभर रानात राबते आणि चुलीपुढेही बसते. विश्रांतीला नेऊन तिच्याच हाती पळी दिली, तर तिची चूल फक्त डोंगरावर हलली, एवढेच. एक वेळ तिने, एक वेळ बापलेकांनी करावी. भात आणि उकडलेली भाजी कुणालाही जमते.

कुंडात उतरताना

कुंडाबाहेर अंग साबणाने स्वच्छ धुवावे, मगच पाण्यात उतरावे. कपडे घालून उतरत नाहीत आणि पंचा पाण्यात बुडवत नाहीत. पुरुष-बायकांची कुंडे बहुतेक ठिकाणी वेगळी असतात. पाणी 42 अंशांच्या आसपास, म्हणजे चांगलेच कढत असते. पहिल्या दिवशी थोडाच वेळ बसावे. दिवसातून पाच-सहा वेळा बसले म्हणजे लवकर गुण येतो, असे नाही. उलट थकवा येतो. भरल्या पोटी आणि दारू पिऊन उतरू नये. बाहेर आल्यावर पाणी प्यावे. ताप असेल तर उतरूच नये. हृदयाचे दुखणे किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि म्हाताऱ्या माणसाला एकटे सोडू नये.

आपल्या दाराशी

सगळ्यांना जपान कुठले घडणार? पण ऊन पाण्याचे झरे आपल्याकडेही आहेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीकडे उन्हवरे, नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर. आपण तिथे देवदर्शनाला जातो, घाईने अंघोळ करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. तोहोकुचा शेतकरी काही आपल्याहून श्रीमंत नव्हता. त्याने एवढेच केले, की बैलाला जशी विश्रांती देतात तशी ती आपल्या आणि बायकोच्या अंगालाही लागते, हे मानले आणि तिच्यासाठी तांदूळ वेगळे बांधून ठेवले. या सुगीनंतर शिधा बांधून दोन रात्री मुक्कामाला जाता येईल का, ते घरात बसून ठरवून पाहावे. गुरांचे काय करायचे, हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे.