'माका घराक जावचा आसा' : म्हातारपणाचा विसर की आजार?

जामसंडे : दिवेलागण झाली की म्हातारी उठते, पदर खोचते आणि म्हणते, "माका घराक जावचा आसा." बसलेली असते स्वतःच्याच पडवीत. सून समजावते, "आये, ह्या तुमचाच घर." म्हातारी आणखी चिडते. जेवून तासभर होत नाही तोच शेजारणीला सांगते, "माका कोणी जेवाक वाढूक नाय." मग गावात सुनेचं नाव खराब होतं.

असं चित्र आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. कोणी म्हणतं वय झालं, कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण त्यासाठी डॉक्टर पुढे ढकलू नका. याला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि तो मेंदूचा आजार आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. रोजच्या विहिरीवरून घरी यायची वाट न सापडणं, चहात साखरेऐवजी मीठ घालणं, नातवाला भाऊ समजणं, हे वेगळं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं, थायरॉइड बिघडलं किंवा मन खूप उदास असलं तरी विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून आधी रक्त तपासा. अल्झायमर मात्र बरा होत नाही. गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडतो, एवढंच.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. काल बरा असलेला माणूस आज अचानक बरळू लागला, तर तो म्हातारपणाचा विसर नव्हे. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी होणं, अशी कारणं असतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवायला सोबत घ्या.

घरात वाद घालू नका. "मघाशीच जेवलीस ना!" म्हटलं तर तिला ते आठवत नाही, फक्त तुमचा चढलेला आवाज मनात राहतो. त्यापेक्षा दोन घास पेज द्या, किंवा "चला, जाऊया" म्हणून खळ्यात एक फेरी मारून आणा. संध्याकाळी अशी अस्वस्थता वाढते, तेव्हा दिवे लवकर लावा. हातांना मात्र जुनी कामं आठवतात. वाती वळणं, लसूण सोलणं, काजू निवडणं द्या. काम वाकडं झालं तरी चालेल.

मुलांकडे वाटणीने चार-चार महिने ठेवायची पद्धत या आजारात त्रासाची ठरते. मुंबईच्या खोलीत संडास कुठे तेच कळत नाही, गोंधळ वाढतो. शक्य तेवढं एकाच घरी ठेवा.

खरी भीती हरवण्याची. आंब्याच्या दिवसांत घरातले सगळे कलमात, म्हातारा एकटा घरी. बाहेर सडा, उघडी विहीर, पुढे समुद्र. विहिरीवर जाळी बसवा, फाटकाला घंटा बांधा, खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून ठेवा, मोबाइलमध्ये ताजा फोटो ठेवा. माणूस दिसला नाही तर लगेच ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही.

जमिनीच्या कागदांचं, बँकेत वारस लावण्याचं काम आजाराच्या सुरुवातीलाच, त्यांना कळतंय तोवर त्यांच्या इच्छेने करा. भान गेल्यावर घेतलेला अंगठा पुढे कोर्टात भावाभावांना भांडायला लावतो.

आणि सांभाळणारी बाई? बहुतेक घरांत ती एकटीच असते, रात्रीची झोप नसलेली. मुंबईहून फोनवर आईशी दहा मिनिटं बोलून "ती तर बरी बोलते" म्हणणं सोपं आहे. मन थकलं तर टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र आणि फुकट. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. चाकरमान्यांनी गणपतीला येताना मिठाईचा पुडा आणावाच, पण चार रात्री आईजवळ आपण झोपावं आणि वहिनीला दुसऱ्या खोलीत निजू द्यावं.