वायफायची पॉवर कोण ठरवतं?

सदलग्यात घरातलं वायफाय मळ्यातल्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून कुणी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून ‘ट्रान्समिट पॉवर’ २० ची ३० करतो. रेंज मात्र तसूभर हलत नाही.

ट्रान्समिट पॉवर म्हणजे लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड ज्या जोराने रेडिओलहरी सोडतं तो जोर. तो डीबीएममध्ये (एक मिलिवॉटशी तुलना करणारं माप) सांगतात. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट; ३० म्हणजे थेट दसपट, १ वॉट.

पण आपण भरलेला आकडा ही फक्त मागणी असते. ड्रायव्हर (कार्ड आणि संगणक यांना जोडणारा प्रोग्रॅम) ती देशाच्या नियमांशी ताडतो; भारतात २.४ गिगाहर्ट्झवर परवाना लागत नाही, तरी ट्रान्समीटरला १ वॉटची मर्यादा आहेच. पुढे फर्मवेअर (कार्डातच बसवलेला प्रोग्रॅम) कारखान्यात नोंदलेली हद्द बघतं. यांतला सर्वांत लहान आकडा चालतो. डेटा वेगाने जात असेल, तर फर्मवेअर पॉवर बऱ्याचदा आपणहून उतरवतं, कारण फार जोर लावला की सिग्नल विद्रूप होतो. कोणत्या देशाचे नियम लावायचे ते सांगणारा देशाचा कोड बदलण्याची युक्ती नियमभंगाची, आणि बहुधा निष्फळही.

राउटरची पॉवर वाढवली तर? दूधगंगा नदीच्या अलीकडून लाउडस्पीकरवर हाक मारली, तरी पलीकडच्याचं साध्या आवाजातलं उत्तर ऐकू यायला हवं. मोबाइलचा आवाज लहानच. म्हणून रेंज पूर्ण दिसते आणि पान काही उघडत नाही.

खोली १०० मीटरच्या आत असेल, तर नेटवर्क केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसवणं सरळ पडतं.