वेळेवर सांगितलेली गोष्ट : लेफ्टनंट जनरल थोरात



सावदा परिसरातल्या गावांत पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आटोपले, मुलांना खाऊ वाटून झाला, की पेन्शनीत आलेले चार-दोन फौजी शाळेच्या भिंतीकडेला उभे राहतात. कोटावर पदके लावलेली असतात. आम्ही मुद्दाम त्यांच्यापाशी रेंगाळतो. त्यांच्या बोलण्यात लढाई कोणती, बंदूक कोणती हे मागाहून येते. आधी येते ते एकच : "आमचे साहेब कसे होते." साहेब चांगला असला तर बर्फातही माणूस टिकतो, आणि नसला तर छावणीतल्या पक्क्या बराकीतही हाल होतात, असे ही मंडळी सांगतात.

म्हणून या अंकात आम्ही एका साहेबाची गोष्ट सांगायचे ठरवले. हे साहेब आपल्याच मराठी मुलखातले. त्यातही शेतीशी नाते असलेल्या घरातले. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे त्यांचे नाव.

थोरातांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरकडच्या वडगावचा. वडील पांडुरंग चिमणाजी पाटील हे शेतकी खात्यातले नामांकित तज्ज्ञ. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि मुंबई इलाख्यातल्या पिकांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्या घरात जमीन, पाणी, बी-बियाणे यांचीच चर्चा, त्या घरातला हा मुलगा. त्याने मात्र फौजेची वाट धरली. इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात शिक्षण घेऊन १९२६ मध्ये तो अधिकारी झाला आणि पुढे पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाला.

आता त्या काळची फौज कशी होती तेही ध्यानात घ्या. गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्या साहेबाच्या हाताखाली काम करण्याची पाळी येऊ नये, म्हणून सरकारने हिंदी अधिकाऱ्यांसाठी मोजक्या पलटणी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. हिंदी माणूस जवान म्हणून शूर आहे, पण पलटण चालवणे त्याचे काम नव्हे, असा त्यांचा समज. तो समज भाषणांनी गेला नाही. तो रणांगणावर गेला.

ती जागा म्हणजे ब्रह्मदेशातले कांगॉ. आराकानच्या किनाऱ्यालगतचा हा मुलूख चिखलाचा, खारफुटीचा, भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या खाड्यांचा. पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या रानात गुडघाभर रुतलेला माणूस त्याची थोडीफार कल्पना करू शकेल. माघार घेणाऱ्या जपानी फौजेची वाट या गावावरून जात होती. ती अडवायची म्हणून जानेवारी १९४५ मध्ये होड्यांतून सैन्य उतरवले. त्यात ५१ वी ब्रिगेड होती आणि तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते : थिमय्या, सेन आणि आपले थोरात. थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. मेलरोज असे सांकेतिक नाव दिलेली टेकडी जपान्यांनी घट्ट धरून ठेवली होती. २९ जानेवारीला थोरातांच्या पलटणीने ती हातघाईच्या लढाईत घेतली. त्यासाठी माणसे बरीच गमवावी लागली. पुढे या तिन्ही कमांडरांना डी. एस. ओ. हा मोठा बहुमान मिळाला. हिंदी माणूस पलटण चालवू शकतो का, हा प्रश्न त्यानंतर कोणी फारसा विचारला नाही.

पण पलटण चालवणे म्हणजे नुसता हल्ला करणे नव्हे. १९५३ साली कोरियाची लढाई थांबली, तेव्हा घरी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२,००० चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यांना कोणी सांभाळायचे? दोन्ही बाजूंना चालेल असा देश म्हणून भारताचे नाव आले. आपली फौज तिकडे गेली आणि तिचे कमांडर होते मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी हट्ट धरला की भारतीय जवानाचे पाऊल आमच्या जमिनीला लागता कामा नये. शेवटी जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून थेट तहाच्या पट्ट्यात नेऊन सोडावे लागले! स्वागत हे असे. आणि कुंपणाच्या आतले कैदीही संतापलेले, आपापल्या टोळ्यांच्या पुढाऱ्यांच्या मुठीत.

एके दिवशी या कैद्यांनी आपल्या एका मेजरलाच आत धरून ठेवले. अशा वेळी बंदूक चालवणे सोपे असते. पण गोळी सुटली असती तर आतला मेजर वाचला नसता, शेकडो कैदी मेले असते आणि भारताच्या नावाला बट्टा लागला असता. थोरात स्वतः मोजकी माणसे घेऊन त्या जमावात शिरले. बोलून, समजावून, डोके थंड ठेवून त्यांनी मेजरला सोडवून आणले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळाले. पुढे १९६७ मध्ये याच पदकाचे नाव कीर्तिचक्र झाले. कोरियातल्या कामाबद्दल पद्मश्रीही मिळाली. आमच्या मते ही कामगिरी कांगॉच्या टेकडीपेक्षा तसूभरही कमी नाही. दुसऱ्याला आत पाठवणारे साहेब पुष्कळ असतात. स्वतः आत जाणारा विरळा.

इथवरची गोष्ट शौर्याची झाली. पण ज्यासाठी आम्ही हे लिहायला बसलो ती गोष्ट पुढेच आहे.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे मुख्य सेनापती झाले. मुख्य ठाणे लखनौला, पण राखण थेट नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, डोंगरांपर्यंत. १९५९ च्या ऑगस्टमध्ये लाँगजू इथे चिन्यांशी चकमक झाली. देशात तेव्हा भाईचाऱ्याची भाषा चालू होती. थोरातांनी मात्र नकाशा उघडला आणि हिशेब मांडला. आपली माणसे किती, रस्ते कुठवर, खेचरे किती, शिधा किती दिवसांचा, आणि पलीकडचा रस्ता कुठवर येऊन पोचला आहे? हे सगळे लिहून त्यांनी ८ ऑक्टोबर १९५९ रोजी सेना मुख्यालयाला टिपण पाठवले.

त्यात काय होते ते आपल्या भाषेत सांगतो. थोरातांचे म्हणणे असे की ऐन सीमारेषेवर आपण लढू शकत नाही, कारण तिथपर्यंत आपला रस्ताच जात नाही. सीमेवर नजर ठेवण्यापुरत्या छोट्या चौक्या ठेवा. शत्रू खाली उतरला, त्याची रसद लांबली, तो दमला, की आपला दाणागोटा जिथे नीट पोचतो त्या बोमडिलासारख्या मागच्या जागी भक्कम फौज ठेवून त्याला गाठा. त्यासाठी जादा सैन्य हवे, रस्ते हवेत, आणि ते आत्ता हवेत. यात न समजण्याजोगे काय आहे? जिथे पाटाचे पाणी पोचत नाही त्या माळावर ऊस लावू नये, हे पोराला शिकवावे लागत नाही.

सरसेनापती थिमय्यांनी टिपणाला दुजोरा दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र हे उगाच घाबरवणे वाटले. चीन हल्ला करणार नाही, आणि मुत्सद्देगिरीने आपण बघून घेऊ, असा त्यांचा विश्वास. थोरात गप्प बसले नाहीत. १७ मार्च १९६० रोजी लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा मोठा सराव मांडला. चीनने हल्ला केला तर काय होईल, याची ही नकाशावरची रंगीत तालीम. वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवले, की आहे तेवढ्या सैन्यावर पूर्वेकडची राखण होणार नाही.

सांगायचे ते सांगून झाले होते, लिहून झाले होते, करून दाखवून झाले होते. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने ती मानली नाही. जनरल थापर सरसेनापती झाले आणि थोरातही त्याच वर्षी निवृत्त होऊन घरी आले.

पुढे जे झाले ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सरकारने थेट सीमेवर छोट्या छोट्या चौक्या पुढे सरकवल्या, आणि त्यांच्या मागे बळ मात्र उभे केले नाही. म्हणजे टिपणाच्या नेमके उलट! २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीकाठी चिन्यांचा लोंढा आला. ब्रिगेडियर जॉन दळवींची ब्रिगेड त्यात मोडून पडली आणि स्वतः दळवी कैद झाले. सुती कपडे, कॅनव्हासचे बूट, हातात जुन्या रायफली, आणि भोवती बर्फ. जवान लढला नाही असे कोणी म्हणू नये. त्याच्या पाठीशी काही नव्हते. महिन्याभरात बोमडिलाही गेले. १,३०० हून अधिक जवान मारले गेले आणि जवळपास ४,००० कैद झाले. मेनन पायउतार झाले. आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि मोडलेले घर सावरायला लागले.

तेव्हा पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. त्या टिपणाविषयी ऐकल्यावर, हे मला आधी का दाखवले नाही, असा प्रश्न पंडितजींनी केल्याचे थोरातांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. तीन वर्षे कागद दिल्लीतच होता आणि ज्यांनी तो वाचायचा त्यांच्या टेबलावर तो गेलाच नाही. थोरात राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले आणि पुढेही सार्वजनिक कामात राहिले. इंग्रजीतले आत्मचरित्र १९८६ मध्ये आले, आणि १९९२ साली ते वारले. मी आधीच सांगितले होते, असा डांगोरा पिटत ते गावोगाव हिंडले नाहीत. ज्याची माणसे मेलेली असतात त्याला आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद होत नाही.

सभासद बंधूंनो, फौज ती फौज आणि कारखाना तो कारखाना, हे आम्हांला कळते. उसाच्या मोळीची आणि जवानाच्या जिवाची तुलना करू नये. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जमिनीवर उभा असलेला माणूस आधी पाहतो आणि कचेरीतल्या माणसाला मागाहून कळते.

आमच्या डोळ्यांपुढे घडलेला प्रकार सांगतो, नावे-गावे नकोत. एका हंगामात एका चिटबॉयने येऊन सांगितले, की अमुक बेणेमळ्यात काणीचे फटकारे दिसताहेत, हे बेणे वाटू नका. पोरगा लहान, हुद्दा लहान. "तू गाडी नोंदायचं बघ," असे त्याला ऐकवले गेले, आणि ते ऐकवणाऱ्यांत आम्हीही होतो. बेणे वाटले गेले. पुढच्या साली कैक बांधांवर काणी फुटली आणि खोडवा मोडून टाकावा लागला. तोटा झाला तो ज्यांनी विश्वासाने बेणे नेले त्यांचा. त्या पोराने मग पुन्हा काही सांगितले नाही. पिकाच्या नुकसानीपेक्षा आम्हांला हे जास्त लागले.

थोरातांचे मोठेपण आम्हांला इथे दिसते. एकदा ऐकले नाही म्हणून ते गप्प बसले नाहीत. लिहिले, ऐकले नाही म्हणून सराव मांडून दाखवला. आणि हे सगळे नोकरीत असताना, वरच्यांची नाराजी पत्करून केले. निवृत्त झाल्यावर शहाणपण सांगणे कोणालाही जमते.

मात्र सांगणारा कितीही धीट असला, तरी ऐकणारा कान नसेल तर त्याचे धैर्य वाया जाते. तेव्हा गटसभेत कोणी उभा राहून कडू बोलला, तर त्याला खाली बसवण्याआधी तो कुठे उभा राहून आला आहे ते पाहावे. त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे. आणि पुढच्या सभेत पहिला प्रश्न हाच विचारावा, की मागच्या वेळी लिहून घेतले होते, ते वाचले कोणी?